कुणाचंही न बिघडता

बीडमधून दिवाळी अंक काढणाऱ्याची एक अडचण पुण्या-मुंबईच्या संपादकांना ठाऊक नसते. अंक छापून, शिवून, गठ्ठे बांधून गावोगाव पोचेपर्यंत गावातली माणसं ऊसतोडीला निघून गेलेली असतात. दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, ताडपत्री, दोन शेळ्या, प्लास्टिकची घागर आणि या सगळ्याच्या वर बसवलेलं लेकरू. काही टोळ्या भाऊबीज उरकून निघतात, काहींचं लक्ष्मीपूजन उसाच्या फडातच होतं. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, सगळ्या डोंगरपट्ट्यात हीच तऱ्हा. पणत्या लावायला म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना अंक वाचता येत नाही.

यंदा प्रुफं तपासायला एका लेखकमित्राच्या गावी जाऊन बसलो होतो. त्याच्या ओसरीवरून समोरचं अंगण दिसायचं. एका दुपारी तिथं टोळी जमवणारा मुकादम आला. मोटारसायकल स्टँडवर लावली, पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला, मग नोटांची बंडलं. अंगठा जिभेला लावून त्याने उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, मोजली. घरधन्याने एकदा मोजली, बायकोने परत एकदा मोजली आणि त्यातल्या काही नोटा तिथेच वेगळ्या काढल्या: किराण्याची उधारी, थोरलीची फी. सह्या झाल्या. एक कोरा चेक गेला. मग मुकादमाने मोबाईल काढून दोघांना नोटा हातात धरून उभं केलं आणि फोटो घेतला. बाईचा चेहरा फोटोत नीट येईना तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, जरा हसा की. मी काय जबरदस्ती केली का? तुमच्या खुशीनं घेताय."

"खुशीनंच की ओ दादा," ती म्हणाली. "घरी बसून काय माती खायची?"

त्या 'खुशीनं' या शब्दापायी यंदाचं संपादकीय एका इटालियन माणसावर लिहितो आहे. नेहमीप्रमाणे पाऊसपाणी, पीकविमा आणि वाचनसंस्कृती यांवर लिहिलं नाही याबद्दल वर्गणीदार मोठ्या मनाने क्षमा करतील.

माणसाचं नाव व्हिल्फ्रेडो परेटो. इटालियन उच्चार पारेतोच्या जवळ जातो, पण आपल्या कॉलेजांत सगळे परेटोच म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याच्या अर्थशास्त्राच्या मुख्य ग्रंथाची फ्रेंच आवृत्ती 1909 साली निघाली. त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. संपादकाला असे योगायोग आवडतात, एवढंच.

परेटोचा जन्म 15 जुलै 1848 चा, पॅरिसचा. ते वर्ष युरोपभर क्रांत्यांचं. बाप जिनोआचा उमराव, पेशाने इंजिनिअर, मॅझिनीच्या विचारांचा, म्हणून परदेशी परागंदा झालेला. आई फ्रेंच. पुढे कुटुंब इटलीत परतलं, मुलगा तुरिनला इंजिनिअर झाला, 1870 साली. आधी रेल्वे कंपनीत नोकरी, मग लोखंडाच्या कारखान्याचा व्यवस्थापक. इथे या माणसाचा स्वभाव कळतो. बाहेरच्या लोखंडावर जकात बसली तर फायदा त्याच्याच कारखान्याचा, आणि तोच जकातीविरुद्ध लेखांमागून लेख लिहायचा. सरकार, संरक्षक जकात, लष्करावरचा खर्च, सगळ्यांशी भांडला. 1882 साली निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. पंचेचाळिसाव्या वर्षी, 1893 साली, त्याला स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात लिऑं वालराची अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि इंजिनिअरचा प्राध्यापक झाला.

घरचं काही धड नव्हतं. रशियन बायको 1901 च्या सुमारास घरच्या आचाऱ्याबरोबर निघून गेली. मधल्या काळात एका काकाची मोठी इस्टेट मिळाली होती, तेव्हा जिनिव्हाच्या सरोवराकाठी सेलिनीच्या घरात अंगोरा मांजरं पाळत तो शेवटपर्यंत लिहीत राहिला. मुसोलिनीने सत्ता घेतल्यावर याला सिनेटर नेमलं. म्हाताऱ्याला आयुष्यभर समाजवाद्यांचा आणि लोकशाहीच्या बडबडीचा राग, त्यामुळे सुरुवातीला नव्या राजवटीबद्दल तो बरं बोलला. लेखन आणि शिक्षणाच्या स्वातंत्र्याला हात लावू नका, हेही बजावलं. पुढचं पाहायला राहिला नाही. 19 ऑगस्ट 1923 ला गेला. त्याच्या चाहत्यांना हा शेवटचा अध्याय अडचणीचा वाटतो. वाटावाच.

आता त्याचं काम. इंजिनिअरला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. इंग्लंड, प्रशिया, सॅक्सनी, इटलीतली शहरं, जिथून मिळतील तिथून त्याने करवसुलीची कोष्टकं जमवली आणि अमुक उत्पन्नाच्या वर किती माणसं, हे मोजून आलेख काढला. देश बदलला तरी वक्राचा घाट तोच येत होता. त्याच्या आकड्यांत उत्पन्नाची रेघ दुपटीने वर नेली की रेघेच्या वरची माणसं साधारण तिसऱ्या हिश्श्यावर यायची. यावरून त्याने निष्कर्ष काढला की श्रीमंताचं काढून गरिबाला वाटल्याने हा घाट फारसा बदलत नाही. उत्पादन माणसांपेक्षा जास्त वेगाने वाढलं तरच खालचा वर येतो. समाजवादी खवळले.

मॅनेजमेंटच्या शिबिरांत सांगतात तो 80-20 चा नियम मात्र त्याचा नव्हे. 'वीस टक्के गिऱ्हाइकांकडून ऐंशी टक्के धंदा' ही भाषा जोसेफ जुरान या अमेरिकेतल्या गुणवत्ता-तज्ज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर रूढ केली आणि परेटोचं नाव त्याला डकवलं. पुढे आपण चुकलो हे त्याने स्वतः लिहून कबूल केलं, पण तोवर नाव चिकटलं होतं. परेटोचा स्वतःचा आकडा घेऊन गणित केलं तर वरच्या वीस टक्क्यांकडे साठाच्या जरा खालीच उत्पन्न जातं. आमच्या अंकाच्या जाहिरातींचा हिशोब मात्र जुरानप्रमाणे लागतो. दहा-बारा दुकानदार आणि एक पतसंस्था सोडली तर बाकीचे 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणणारे.

त्या वक्राची खरी गोम अशी की तो करवसुलीच्या वहीतून काढलेला होता. वहीत नाव असायला कर भरण्याइतकं उत्पन्न लागतं. खालच्या टोकाला आपला वक्र मोडतो हे परेटोलाही दिसत होतं. आमच्या जिल्ह्यातला कोयता कुठल्या वहीत आहे? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. करार मुकादमाच्या नावावर, बिल मुकादमाच्या नावावर. महाराष्ट्राची साखर सहकारी कारखान्यांनी उभी केली आणि त्या सहकाराच्या मुळाशी एक अर्थतज्ज्ञच होता. विठ्ठलराव विख्यांच्या प्रवरेच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. पण कारखान्याचा सभासद ऊस लावणारा. ऊस तोडणारा सभासद नाही. तीन-तीन पिढ्या एकाच कारखान्याला ऊस घालूनही नाही.

परेटोची दुसरी गोष्ट अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घोकावी लागते. तो म्हणाला, एका माणसाच्या समाधानाची दुसऱ्याच्या समाधानाशी तुलना करायला तराजू नाही. भुकेल्याला भाकरीने झालेलं सुख आणि भरल्या पोटी खाल्लेल्या बासुंदीचं सुख यांत कुठलं जास्त हे शास्त्र सांगू शकत नाही. मग सुधारणा कशाला म्हणायचं? कुणाचंही न बिघडता निदान एकाचं भलं होत असेल तर ती सुधारणा. आणि कुणाचं तरी बिघडवल्याशिवाय कुणाचंच भलं करता येणार नाही अशा ठिकाणी आपण पोचलो, तर ती स्थिती उत्तम. पुस्तकात हे वाचताना फार स्वच्छ वाटतं. दोन माणसं खुशीने व्यवहार करतात, दोघांचंही आधीपेक्षा बरं होतं, तिसऱ्याने नाक खुपसायचं कारण काय?

समोरच्या अंगणातला व्यवहार या कसोटीला शंभर नंबरी उतरतो. मुकादमाला कोयता मिळाला, बाईची उधारी फिटली, पोरीची फी भरली. कुणाचं बिघडलं? अमर्त्य सेन यांनी ही कसोटी फार बारकाईने तपासली. काही लोक उपाशी मरत असतील आणि बाकीचे चैनीत असतील, पण चैन करणाऱ्याच्या ताटातलं काही काढल्याशिवाय उपाशी माणसाला देता येत नसेल, तर तीही परेटोच्या हिशोबाने 'उत्तम' स्थिती ठरते, असं त्यांनी दाखवलं. परेटो खोटं बोलत नव्हता. माणूस आज जिथं उभा आहे तिथून तो मोजायला लागतो. तो तिथं कसा येऊन उभा राहिला, हे त्याच्या कोष्टकात नाही.

2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायांमागे एक. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. दवाखान्याच्या कागदावर प्रत्येकीची सही किंवा अंगठा होता, म्हणजे खुशीच. तो हिशोब फडातला आहे. पाळीच्या दिवसांत, दुखण्यात बाई मोळी उचलू शकली नाही तर दिवस बुडतो, कोयत्याचा खाडा लागतो, उचल फिटायची लांबते. आडोसा नाही, पाणी नाही, पहाटे चारला फडात. तिथं उभं राहून 'एकदाची कटकट जाऊ दे' म्हणणाऱ्या बाईने गणित चुकवलं असं मी म्हणणार नाही. तिचं गणित बरोबर होतं. त्या गणिताला जे आकडे दिलेले होते, ते तिने निवडलेले नव्हते.

आपल्याकडे हे उलट टोकाने मोजणारा माणूस होऊन गेला. वि. म. दांडेकर. साताऱ्यात 1920 साली जन्मलेले, संख्याशास्त्राचे, पुण्याच्या गोखले संस्थेतले. परेटोने वरचं टोक मोजलं, दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर खालचं मोजलं. 1971 साली त्यांचं 'भारतातील दारिद्र्य' हे काम आलं. माणसाला दिवसाला 2,250 उष्मांक मिळायला किती खर्च लागतो हे काढून, 1960-61 च्या किमतींनी खेड्यात माणशी वर्षाला 180 रुपये आणि शहरात 270 रुपये अशी रेघ त्यांनी ओढली. खेड्यातली सुमारे 40 टक्के आणि शहरातली सुमारे 50 टक्के माणसं रेघेखाली निघाली. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही हे दांडेकरांनीही मान्य केलं होतं. तिथवर ते परेटोच्या शेजारी बसतात. पण पुढे ते म्हणाले की रोजगाराची कामं काढा आणि त्यासाठी वरच्या थरावर कर बसवा. म्हणजे कुणाचं तरी बिघडवा. पुढच्याच वर्षी 1972 चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर खडी फोडून जगलेली माणसं आमच्या जिल्ह्यात अजून आहेत, आणि कोयत्याची वाट खऱ्या अर्थाने मळली तीही त्याच दुष्काळानंतर.

बीडच्या माणसाला दांडेकरांचं नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. 'अनुशेष' हा शब्द आपल्या तोंडी त्यांच्यामुळे बसला. 1983 साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल मोजायला त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, 1984 साली अहवाल आला. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी, एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची आणि कुठला जिल्हा तिच्या किती खाली आहे ते रुपयांत मांडायचं. सगळा अनुशेष 3,187 कोटींच्या आसपास, त्यात मराठवाड्याचा सुमारे 750 कोटी. विदर्भ-मराठवाडा सोडून उरलेल्या महाराष्ट्राचाही अनुशेष निघाला, आणि तो मराठवाड्यापेक्षा जास्त होता, हे आपले पुढारी सभेत सांगत नाहीत. जिल्हा धरून मोजल्यावर असंच होणार. कोकणातल्या आणि सह्याद्रीकडेच्या भागातही रस्ते-पाणी नव्हतंच.

पण अनुशेष ही कल्पनाच परेटोच्या कसोटीला धक्का देणारी आहे. ती मागे जाऊन मोजते. सुरुवातीच्या रेघेवर सगळे एका ओळीत होते का, हे विचारते. आणि भरून काढायचं तर तिजोरीतला पैसा एका जिल्ह्याकडून दुसरीकडे वळतो, कुणाचं तरी बिघडतं. पाण्याचंही तसंच. जायकवाडीचा उजवा कालवा आमच्या माजलगावच्या धरणाकडे येतो. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायची मागणी होते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटप लिहिलेलं आहे, तरी दर टंचाईत कोर्टाची पायरी चढावी लागते. वरचा शेतकरी म्हणतो, माझा ऊस वाळेल. खरंच वाळेल. आणि तोच ऊस तोडायला खालचा माणूस कोयता घेऊन वर गेलेला असतो. आमच्या जिल्ह्यातही बागायत पट्ट्यात ऊस आहे, कारखाने आहेत. माजलगावचा बागायतदार डोंगरपट्ट्याबद्दल बोलतो तेव्हा त्याचा आवाज पुष्कळदा नगरच्या बागायतदारासारखाच येतो, हे लिहिल्याबद्दल दोन-चार वर्गणीदार कमी होतील.

समाजशास्त्रज्ञ परेटो मला अर्थशास्त्रज्ञापेक्षा जास्त भेदक वाटतो. 1916 साली त्याने समाजशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ काढला. त्याचं म्हणणं, माणूस भावनेने वागतो आणि मग वागण्याला तर्काचं अंगरखं शिवतो. आमच्याकडे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची लग्नं होतात. विचारलं तर सांगतात, स्थळ चांगलं होतं, पोरगा निर्व्यसनी, हुंडा कमी मागितला. खरं कारण एवढंच असतं की सहा महिने पोरीला कुणाच्या भरवशावर मागे ठेवायचं, याची धास्ती. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे जिल्ह्यात 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. त्याचीही अंगरखी आपल्या पाहुण्यारावळ्यांनी किती शिवली हे आपण प्रत्येकाने ऐकलं आहे.

आणि त्याचं ते अभिजनांचं अभिसरण. राज्य नेहमी थोड्यांचंच असतं, थोडी माणसं तेवढी बदलतात. खालचे हुशार वर येतात, वरचे सुस्तावून खाली जातात. बीडमध्ये हे एका आयुष्यात बघायला मिळतं. 1948 ला निजाम गेला, पाठोपाठ जहागिरी गेल्या. 1967 साली या जिल्ह्याने साताऱ्याच्या प्रतिसरकारवाल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना, कम्युनिस्टाला, दिल्लीला पाठवलं. त्याच मुलखात आपले कोयते जायचे होते, याला काय म्हणावं? मग केशरकाकू क्षीरसागर तीनदा खासदार. मधे एकदा ऊसतोड कामगारांच्या संपातून पुढे आलेले बबनराव ढाकणे. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे कोयत्याची भाषा विधानसभेत आणि पुढे दिल्लीत बोलले, मुकादम-मजुरांच्या दरासाठी कारखानदारांसमोर बसले आणि त्यांनी स्वतः वैद्यनाथ साखर कारखानाही उभा केला. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या एकाच माणसाला माहीत असणं यात मी दोष शोधत नाही. वर जायची वाट डोंगरपट्ट्यातल्या पोराला दिसली ती त्यांच्यामुळे. परेटो मात्र तिरकस हसला असता आणि विचारलं असतं, वर गेलेल्यांची नावं सांगितलीत, फडात राहिलेल्यांची संख्या किती?

दर तीन वर्षांनी तोडणीच्या दराचा करार होतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली. दोन्ही बाजूंनी हात मिळवले, फोटो निघाले. चौतीस टक्के म्हणजे कमी नाही. समोरच्या अंगणातल्या बाईला ही वाढ माहीत होती का, म्हणून मी दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हणाली, "दर आमाला कशाला सांगत्यात? उचल किती अन् फिटली किती, तेवढंच सांगत्यात."

परेटोने उमेदवारीची वर्षं रेल्वेत काढली म्हणून ही एक नोंद. 2025 च्या मराठवाडा मुक्तिदिनी, 17 सप्टेंबरला, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झालेला. त्या दिवशी स्टेशनवर रेल्वे कधीच न पाहिलेली म्हातारी माणसं धोतराचा सोगा धरून उभी होती. अनुशेषातला एक आकडा तरी डोळ्यांसमोरून हलला. टोळ्या अजून ट्रॅक्टरनेच जातात, कारण फडाच्या बांधावर स्टेशन नसतं, आणि चूल-पेटी-शेळ्या डब्यात चढवू कोण देणार?

यंदाच्या अंकात पाच कथा, दोन दीर्घ लेख आणि नेहमीपेक्षा कमी कविता आहेत. कमी कवितांबद्दल तक्रारी आल्या आहेत, अंक निघायच्या आधीच. फडावरच्या कोपीत वाढलेल्या आणि आता शाळेत शिकवणाऱ्या दोघांच्या आठवणी पहिल्यांदाच छापतो आहोत. त्यांनी नाव न छापायची अट घातली, ती पाळली आहे. कागद महागला म्हणून किंमत दहा रुपयांनी वाढवली.

अंकाच्या काही प्रती दरवर्षी बाजूला काढून माळ्यावर ठेवतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, गुढीपाडव्याच्या आगेमागे गावं परत आली, की त्या वाटायला निघतो. तोवर मुखपृष्ठावरच्या पणतीवर थोडी धूळ बसलेली असते. त्या अंगणातल्या थोरलीने, जिची फी उचलीतून भरली, तिने एक प्रत आत्ताच मागून घेतली आहे. ती यंदा आजीपाशी राहणार आहे. दहावी आहे तिची.